डाळिंबाच्या दाण्यातले लोह

डाळिंब फोडले की आपण सगळे आधी एकच गोष्ट पाहतो. दाणा किती लाल आहे? फिका, पांढुरका निघाला की मन थोडे खट्टू होते. गर्द लाल निघाला की घरातले कुणी वडीलधारे हमखास म्हणते, "खा बाळा, अंगात रक्त भरेल." लाल खाल्ले की रक्त वाढते ही समजूत आपल्याकडे फार जुनी. बीट, गाजर, डाळिंब, सगळ्यांना ती सारखीच लागू. श्रोतेहो, महाराष्ट्रात डाळिंबाच्या जाती कशा घडत गेल्या, कुणी घडवल्या आणि कशासाठी घडवल्या, याचा गेल्या नव्वद वर्षांचा इतिहास आज सांगायचा आहे. त्याची सुरुवात मी ह्या समजुतीपासून करतो, कारण ह्या इतिहासात तिने बरीच उलथापालथ केली आहे.

ज्या रंगद्रव्याने जांभूळ जांभळे होते आणि कोकमाला लाली येते, त्याच कुळातले रंगद्रव्य डाळिंबाच्या दाण्यात असते. शास्त्रज्ञ त्याला अँथोसायनिन म्हणतात. त्यात लोहाचा कण नसतो. आपल्या रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिनमुळे आहे, आणि हिमोग्लोबिनच्या पोटात मात्र लोह आहे. दोन्हीकडे रंग लाल, पण कारणे अगदी निराळी. तेव्हा दाणा लाल आहे म्हणून त्यात लोह जास्त आहे असे होत नाही, आणि फिका आहे म्हणून कमी आहे असेही नाही. शिक्षक मित्रांनी एवढे जरी वर्गात सांगितले तरी पुष्कळ झाले.

पण मग डाळिंबाचा आणि रक्ताचा काहीच संबंध नाही काय? आहे, आणि जुना आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पांडुरोगावर एक अध्याय आहे. माणूस फिका पडतो, धाप लागते, अंगात त्राण राहात नाही, अशी त्या रोगाची लक्षणे. त्यावर दाडिमाद्य घृत सांगितले आहे, म्हणजे डाळिंब घालून सिद्ध केलेले तूप. आणि त्याच अध्यायात नवायस चूर्णही आहे. त्यात नऊ औषधींच्या जोडीला लोहाचे चूर्ण घ्यायला सांगितले आहे. डाळिंब आणि लोह एकाच अध्यायात शेजारी बसलेले पाहून काही लोकांना भरते येते. चरकाला हिमोग्लोबिन ठाऊक होते असेही सांगणारे भेटतात. इतिहास शिकवणाऱ्या माणसाने तसे सांगू नये. इतके मात्र म्हणता येते की फिकटलेल्या माणसाला काय द्यावे याचा विचार करताना त्या काळच्या वैद्याचा हात डाळिंबाकडेही गेला आणि लोहाकडेही गेला. ही दोन्ही एकाच फळात वाढवता येतील काय, हा प्रश्न विचारायला मात्र फार काळ जावा लागला.

डाळिंब मूळचे इराणापासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंतच्या पट्ट्यातले. जम्मू-काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडच्या डोंगरउतारांवर ते आजही रानात उगवते. तिकडे त्याला दारू म्हणतात. हे नाव ऐकून हसू नका. हे दारू फळ लहान, कमालीचे आंबट, आणि त्याचे दाणे वाळवून अनारदाना करतात. बागेतल्या डाळिंबाला थंडी सोसते, कडक ऊन सोसते, पाण्याचा ताण तर त्याला मानवतो. आपल्या दख्खनच्या पठारासारखी कोरडी हवा त्याला पसंत पडली यात नवल नाही. जातींची जुनी नावे पाहिली तरी हा प्रवास ध्यानात येतो: काबूल, मस्कत, ढोळका, आळंदी. गावांची आणि बंदरांची नावे फळांना चिकटलेली आहेत. आळंदी म्हणजे आपली पुण्याजवळचीच आळंदी. तिथले डाळिंब चवीला चांगले, पण बी टणक. खाताना अर्धा वेळ बी थुंकण्यात जायचा.

आता १९२७ सालाकडे या. पुण्याच्या गणेशखिंडीत सरकारी फळबाग होती, आणि मुंबई सरकारचे फलोद्यानतज्ज्ञ डॉ. जी. एस. चीमा तिथे काम करीत होते. चीमांचे नाव आज किती शेतकऱ्यांना माहीत असेल, सांगता येत नाही. पण त्यांनी निवडलेली फळे न खाल्लेला माणूस महाराष्ट्रात सापडणे कठीण. अलाहाबाद सफेदा नावाच्या पेरूचे बी त्यांच्या बागेत लावले गेले. त्या रोपांतून एक झाड त्यांनी १९२७ साली निवडले. त्याचे नाव पडले लखनौ ४९, आणि पुढे सरदार. हाच आपला सरदार पेरू. द्राक्षाच्या एका जातीला तर चीमा साहेबी असे त्यांचेच नाव मिळाले.

त्यांची कामाची रीत समजून घेण्याजोगी आहे, कारण खेड्यातल्या माणसाला ती परकी नाही. आपण गावठी आंब्याच्या दहा कोयी लावल्या तर दहा झाडे दहा तऱ्हेची होतात. एक आईवर जाते, एक कुणावरच जात नाही. डाळिंबाचेही तसेच. बियांपासून आलेले झाड हे नवेच माणूस असते म्हणा ना! चीमांनी आळंदीच्या रोपांतून १९३६ साली एक झाड हेरले. त्याचा दाणा रसाळ, चव गोड, आणि मुख्य म्हणजे बी मऊ. दाताखाली आले तरी कळू नये इतके. त्या झाडाला जी. बी. १ असा क्रमांक मिळाला. एकदा असे झाड हाती लागले की बी पेरायचे नाही. फांदीची साल अंगठीसारखी काढायची, तिथे ओले शेवाळ बांधायचे, मुळ्या फुटल्या की फांदी तोडून लावायची. ही गुटी. गुटीने आलेले झाड म्हणजे तेच झाड, वयाने नवे एवढेच. आज महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात उभ्या असलेल्या गणेश जातीच्या बागा म्हणजे गणेशखिंडीतल्या त्या एका झाडाच्या फांद्या आहेत.

चीमांनी झाड निवडताना काय पाहिले? फळ किती धरते, दाणा कसा, गोडी कशी, बी कसे. हे सगळे डोळ्यांनी आणि जिभेने ठरवायचे. त्या काळी याहून वेगळे काही करणे शक्यही नव्हते आणि कुणी मागितलेही नव्हते. याला मी दोष देत नाही. पण नेमक्या त्याच वर्षांत मुंबईत काय चालले होते ते पाहिले म्हणजे मन विचारात पडते.

१९२८ साली लूसी विल्स नावाची एक इंग्रज डॉक्टर बाई मुंबईला आली. परळच्या हाफकिन संस्थेत बसून तिने गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांचे रक्त तपासायला घेतले. ह्या बायका गरोदरपणी पांढऱ्याफटक पडत, आणि त्यांतल्या कितीतरी दगावत. विल्सबाईंनी रक्ताबरोबर त्यांची ताटेही तपासली. गरिबातल्या गरीब घरांत फळ, भाजी, दूध जवळजवळ नाहीच, आणि आजार तिथेच जास्त, असे त्यांना दिसले. नाना उपाय करून पाहिल्यावर एका स्वस्त पदार्थाने गुण आला: यीस्टचा अर्क, मार्माइट नावाने डबीत मिळणारा. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या अर्कातले जे द्रव्य उपयोगी पडत होते ते पुढे दहा वर्षांनी पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले आणि त्याला फोलिक आम्ल हे नाव मिळाले. आज गरोदर बाईला दवाखान्यातून जी गोळी मिळते तिच्यात लोहाच्या जोडीला हे फोलिक आम्ल असते. त्याचा उगम परळच्या गिरणगावात आहे, ही गोष्ट आपल्या शाळांच्या पुस्तकांत असायला हवी होती.

विल्सबाईंनी शोधलेला पांडुरोग लोहाच्या कमतरतेचा नव्हता, तो दुसऱ्या जातीचा होता, हे इथे स्पष्ट केले पाहिजे. पण मला दाखवायचे आहे ते निराळेच. १९३० साली मुंबई-पुण्याच्या दरम्यान दख्खनची राणी धावू लागली होती. एका टोकाला एक डॉक्टर बाई विचारीत होती, ह्या बायकांच्या ताटात काय नाही? दुसऱ्या टोकाला एक फलोद्यानतज्ज्ञ विचारीत होते, ह्या झाडाचे बी मऊ आहे काय? दोन्ही प्रश्न चांगले, दोन्ही माणसे मोठी. पण काम दोन खात्यांतले. एक आरोग्याचे, एक शेतीचे. ताटात जे नाही ते झाडाकडे मागावे, असे त्या वेळी कुणाला सुचले नाही.

मागायचे तर झाडात काय आहे हे आधी माहीत हवे. ते काम दक्षिणेत कुन्नूरच्या आहारसंशोधन प्रयोगशाळेत चालू होते. डॉ. ॲक्रॉइड यांनी १९३७ साली हिंदी अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली. हीच प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादला गेली आणि आजची राष्ट्रीय पोषण संस्था झाली. आहारतक्त्यांमुळे मोठी सोय झाली, पण अशा तक्त्यांत साधारणपणे एका फळाला एक ओळ असते. डाळिंब म्हटले की एक आकडा. आळंदीचे डाळिंब आणि रानातले दारू यांत फरक असेल, तर तो त्या ओळीत दिसत नाही. जोपर्यंत सगळी डाळिंबे सारखीच मानली जातात तोपर्यंत त्यांतून निवड करण्याचा प्रश्नच येत नाही, हे उघड आहे.

पुढच्या काळात मी भराभर जातो. १९६८ साली राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ निघाले. १९७० साली जी. बी. १ ला गणेश असे घरगुती नाव मिळाले. त्याच १९७० साली देशात लोह आणि फोलिक आम्लाच्या गोळ्या वाटण्याची राष्ट्रीय योजना सुरू झाली. पुन्हा दोन खाती, दोन वाटा! पुढे १९९० साली महाराष्ट्र सरकारने फळबाग लागवडीला रोजगार हमीची जोड दिली आणि सांगोला, आटपाडी, सटाणा, मालेगाव अशा कमी पावसाच्या मुलखात डाळिंब पसरले. मुरमाड माळावर, ठिबकाच्या पाण्यावर, बहाराआधी पाणी तोडून ताण द्यायचा आणि मग मृगाचा, हस्ताचा किंवा आंबे बहार धरायचा, हे तंत्र आमच्या शेतकऱ्याने असे काही आत्मसात केले की दुष्काळी तालुक्यांत बंगले उभे राहिले. यात अतिशयोक्ती नाही, जाऊन पाहावे.

पण गणेशात एक उणे होते. ऊन तापले की त्याचा दाणा फिका पडे. गोडी तीच, मऊपणा तोच, पण रंग उडालेला. आणि बाजार, विशेषतः परदेशचा बाजार, रंगावर भाळतो. तेव्हा राहुरीच्या शास्त्रज्ञांनी गणेशाचा संकर रशियातून आलेल्या गुल-ए-शाह रेड ह्या जातीशी केला. तिचा दाणा रक्तासारखा लाल, पण बी टणक आणि चव आंबट. एकाचा मऊपणा, दुसऱ्याचा रंग.

संकर म्हणजे काय करतात ते थोडक्यात सांगतो. डाळिंबाच्या झाडावर दोन तऱ्हेची फुले येतात. काही घंटेसारखी, ती नुसती नर, गळून जातात. काही बुडाशी फुगीर, कळशीच्या घाटाची, फळ यांनाच धरते. कळशीच्या घाटाचे फूल उमलण्याआधी उघडून त्यातले पुंकेसर चिमट्याने काढायचे, दुसऱ्या जातीचे परागकण आणून लावायचे, आणि माशी बसू नये म्हणून वर पिशवी बांधायची. मग फळ पिकवायचे, बी पेरायचे, रोपे वाढवायची, त्यांना फळे यायची वाट पाहायची. पहिल्या पिढीत मनासारखे मिळत नाही म्हणून दुसरी पिढी काढायची. शेकडो रोपांतून चारदोन ठेवायची, बाकीची उपटून टाकायची. एका माणसाची नोकरीतली वर्षे ह्यात निघून जातात.

राहुरीच्या ह्या खटपटीतून १९९४ साली मृदुला आली, आणि २००३च्या सुमारास आरक्ता आणि भगवा. भगव्याने तर महाराष्ट्र जिंकला. शेंदरी, अष्टगंधा, मस्तानी अशी लाडकी नावे शेतकऱ्यांनी त्याला दिली. तकतकीत केशरी-लाल साल, साल जाड म्हणून लांबच्या प्रवासाला टिकाऊ, दाणा लाल आणि मऊ. तयार व्हायला सहा महिने लागतात, पण भाव पाहता ते सहा महिने कुणाला जड जात नाहीत. जिभेने मऊपणा मागितला, तो १९३६ साली मिळाला. डोळ्याने रंग मागितला, तो २००३ साली मिळाला. आणि लाल दाणा पाहून घरोघर म्हणू लागले, "बघा, हे खरे रक्तवर्धक!" सुरुवातीला सांगितलेली समजूत ती हीच. भगव्याची लाली अँथोसायनिनची आहे. ते द्रव्यही शरीराला उपयोगी असते, पण ते लोह नव्हे.

याच वर्षांत तेल्या आला. डाळिंबावरचा हा जिवाणूजन्य करपा आपल्या देशात १९५२ साली दिल्लीकडे प्रथम नोंदला गेला होता. महाराष्ट्रात त्याने खरा कहर केला तो ह्या शतकाच्या सुरुवातीला. पानावर, फळावर तेलकट डाग, फळ तडकते, बाग बसते. कर्ज काढून उभ्या केलेल्या बागा शेतकऱ्यांनी स्वतःच्या हाताने कुऱ्हाडीने तोडल्या. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांच्याकडे या विषयावर बोलवत नाही. २००५ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र काढले.

एका गुटीवर, एका रक्तावर सगळा मुलूख उभा केला की रोग आल्यावर सगळाच कोसळतो. म्हणून शास्त्रज्ञांची नजर पुन्हा त्या रानट्या, आंबट, बाजाराने टाकून दिलेल्या नातेवाइकांकडे वळली. हिमालयातले दारू. कुंडीत शोभेसाठी लावतात ते बुटके नाना डाळिंब. त्यांच्या अंगात काटकपणा आहे, तो घ्यावा म्हणून त्यांचे रक्त बागेतल्या जातींत मिसळण्याचे प्रयोग झाले. सोलापूरच्या केंद्राने ज्या जातीमुळे नाव मिळवले तिची वंशावळ अशी: गणेश आणि नाना यांचा संकर, त्याच्याशी दारूचा संकर, आणि ह्या संततीचा पुन्हा भगव्याशी संकर. म्हणजे आळंदीची नात, हिमालयातला रानटी पाहुणा, रशियाकडचे रक्त आणि कुंडीतले खेळणे, अशी ही सोयरीक. २०१७ साली ही जात बाहेर आली. नाव सोलापूर लाल.

नावात लाल असले तरी तिचे वैशिष्ट्य लालीत नाही. केंद्राने जाहीर केलेले आकडे असे आहेत. १०० ग्रॅम ताज्या दाण्यांत गणेश जातीत लोह २.७ ते ३.२ मिलिग्रॅम, सोलापूर लालमध्ये ५.६ ते ६.१. जस्त गणेशात ०.५० ते ०.५४, सोलापूर लालमध्ये ०.६४ ते ०.६९. क जीवनसत्त्व गणेशात १४.२ ते १४.६, इथे १९.४ ते १९.८. उत्पन्न हेक्टरी २३ ते २७ टन, म्हणजे शेतकऱ्याने पोषणासाठी पदरचे घालावे असेही नाही. देशातले पहिले पोषणसंपन्न डाळिंब म्हणून परिषदेने त्याची नोंद केली आहे.

चीमांच्या निवडीत आणि ह्या निवडीत मोठा फरक आहे तो असा. मऊ बी चावून कळते. रंग पाहून कळतो. लोह मात्र ना दिसते, ना चाखता येते. दाणे वाळवायचे, त्यांचा अंश यंत्रात घालायचा, आणि आकडा काय येतो ते पाहायचे. तो आकडा पाहून झाड ठेवायचे की नाही ते ठरते. १९३१ साली परळला विचारलेला प्रश्न आणि १९३६ साली गणेशखिंडीत विचारलेला प्रश्न, हे दोन्ही एका झाडापाशी येऊन भेटायला २०१७ साल उजाडले. मला ह्या सबंध इतिहासात हीच गोष्ट मोठी वाटते.

आता जरा हिशेब करू, कारण जाहिरातीच्या भाषेत बोलून उपयोग नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्याच्या २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत शेकडा ५४.२ जणींना पांडुरोग आढळला. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत हे प्रमाण ६८.९. म्हणजे अंगणवाडीत तीन मुले बसली असतील तर त्यांतली दोन. प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह पोटात जायला हवे असे आपल्या तज्ज्ञांनी २०२० साली ठरवले आहे. वनस्पतींतले लोह शरीरात थोडेच शोषले जाते, शेकडा दहाच्याही आत. २९ हा आकडा ती गळती धरूनच आहे. एका मध्यम फळात शंभर-सव्वाशे ग्रॅम दाणे निघतात. तेवढ्या दाण्यांतून सोलापूर लाल दिवसाच्या गरजेचा पाचवा हिस्सा देते, गणेश दहावा. हा फरक लहान नाही. त्यात क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करते, हाही फायदा. उलट, चहातल्यासारखी तुरट द्रव्ये डाळिंबातही असतात आणि ती थोडे लोह अडवतात, हेही सांगितले पाहिजे.

पण ज्या बाईचे हिमोग्लोबिन सात-आठवर उतरले आहे तिला डाळिंब खा म्हणून सांगणे म्हणजे आग लागल्यावर तुळशीला पाणी घालणे. दवाखान्यातल्या एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते, म्हणजे सोलापूर लालच्या एक किलो दाण्यांइतके. गोळी ती गोळीच. गंमत अशी की ही गोळी बहुधा फेरस सल्फेटची असते, आणि तेच द्रव्य आपण हिराकस म्हणून ओळखतो. चुनखडीच्या जमिनीत पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या की शेतकरी हिराकसाची फवारणी करतो. बागेचा पांडुरोग त्याला दुरून ओळखू येतो. त्याच बागेत फळे तोडायला आलेल्या मजूर बाईचा मात्र ओळखू येत नाही. (शेतीचा हिराकस औषध म्हणून कुणी चुकूनही तोंडात घालू नये, तो शुद्ध नसतो.)

आणि ह्या बाईच्या घरी ते फळ जाते का, हा खरा प्रश्न आहे. चांगले डाळिंब आज किलोच्या भावाने विकले जाते आणि प्रतवारी होते ती वजनावर, रंगावर, डाग नसण्यावर. आडतीत किंवा निर्यातीच्या पेटीवर लोहाचा रकाना नाही. व्यापारी भगव्याला जो भाव देतो तो तकतकीसाठी देतो. मग शेतकऱ्याने सोलापूर लाल का लावावे? बाजाराने विचारायच्या आधी शाळेने, अंगणवाडीने, आश्रमशाळेने विचारले तर काही होईल असे मला वाटते. सरकारी आहारात फळ द्यायचेच असेल तर कोणत्या जातीचे, हे विचारायला पैसा लागत नाही.

गरिबाच्या घरी लोह पोचवायचे तर भाकरीची वाट अधिक जवळची, हेही कबूल केले पाहिजे. २०१२ साली महाराष्ट्रात धनशक्ती नावाची बाजरी प्रसारित झाली. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने आणि राहुरीच्या विद्यापीठाने मिळून ती तयार केली. भगव्याचे विद्यापीठ ते हेच. तिच्या किलोभर दाण्यांत ७० मिलिग्रॅमहून अधिक लोह आहे. बाजरीची भाकरी रोज खाल्ली जाते, डाळिंब सणावारी. क जीवनसत्त्वासाठी तर चीमांचा सरदार पेरू डाळिंबाच्या कितीतरी पुढे. पेरूच्या १०० ग्रॅममध्ये ते २०० मिलिग्रॅमच्या आसपास असते. दुपारच्या भाकरीबरोबर पेरूची एक फोड खाल्ली तर भाकरीतले लोह अंगी लागायला तिची मदत होते. जेवणावर लगेच चहा घेतला तर उलटे होते.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. शाळेच्या परसबागेत जागा असेल तर एक पेरू आणि दोन डाळिंबे बसतात. डाळिंबाची गुटी खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्यावी, रोगट बागेतली स्वस्त गुटी घेऊन तेल्या घरी आणू नये. तिसऱ्या वर्षी पहिला बहार धरता येतो. आणि गावात कुणाच्या परड्यात, विहिरीच्या काठी, मंदिरामागे बियांपासून आलेले एखादे म्हातारे डाळिंब उभे असेल, तर मुलांना घेऊन ते पाहून यावे. त्याचे फळ किती मोठे, चव कशी, बी टणक की मऊ, डाग पडतात का, हे वहीत टिपून ठेवावे. आळंदीच्या अशाच रोपांतून गणेश निघाला. सोलापूरच्या केंद्रात जातींचा संग्रह केला जातो. वेगळे काही आढळले तर मालकाला विचारून तिथे एक पत्र टाकावे, आणि तोवर ते झाड तोडू नये असे त्याला सांगून ठेवावे.